पाळण्यातले गहू

मित्रांनो, त्या दोरीच्या आत येऊ नका. मला चालेल, खरं तर आवडेलच, पण दारातल्या रखवालदाराला चालणार नाही. माझ्यासमोर पाटी लावली आहे, 'कृपया हात लावू नये'. मी कडुलिंबाचा जुना पाळणा आहे. हात लावायचा नाही तर पाळण्याचं करायचं तरी काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तुमची सहल सकाळीच आली. डबे खाऊन झाल्यामुळे तुमच्यातले निम्मे पेंगुळले आहेत, आणि पेंगुळलेली मुलं मला फार आवडतात. पण मघाशी दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं, "बाई, पाळण्यात गहू कशाला ठेवलेत?" बाईंनी पाटी वाचली. पाटीवर गव्हाचं काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्या म्हणाल्या, "असंच असतं ते. कला आहे." बाईंना मी दोष देत नाही. पण हे गहू इथे कसे आले ते सांगायचं तर मला माझी सगळी हकीकत सांगावी लागेल. मध्येच माझा डोळा लागला तर हसू नका. जन्मभर दुसऱ्यांना झोपवता झोपवता मलाही झोपेची सवय जडली आहे. पाहिलेल्या गोष्टींतल्या खऱ्या कुठल्या आणि स्वप्नातल्या कुठल्या, हे मला पुष्कळदा सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र मी टक्क जागेपणी ऐकली आहे. ती पुढे येईलच.

माझा जन्म कवठे येमाईच्या शिवारातल्या एका वस्तीवरचा. विहिरीच्या कडेला मोठा कडुलिंब होता. एका वावटळीत तो आडवा झाला आणि मंडळी कुऱ्हाडी घेऊन सरपण करायला निघाली. तिथून बन्सी सुतार चालला होता. त्याने खोडावर थाप मारली आणि म्हणाला, "ह्याला चुलीत घालू नगा. पाळणा करून देतो. लिंबाला कीड लागत न्हाई आन् लिंबात निजल्यालं पोर आजारी पडत न्हाई." पोरांचं मला माहीत नाही, पण कीड मला आजवर खरंच लागलेली नाही. बन्सीने माझ्या दांड्या कातून गोल केल्या, त्यांना लाखेचा लाल आणि हिरवा रंग चढवला, वर लाकडी राघू टांगले. मी दिसायला देखणा होतो. स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं नव्हे, पण आता दुसरं कोण सांगणार.

मी एका घराचा नव्हतो, सगळ्या भावकीचा होतो. ज्या घरी बाळ, त्या घरच्या तुळईला मी. माझ्याबाबतीत वस्तीवर दोन गोष्टी फार कडक पाळल्या जात. पहिली, रिकामा पाळणा हलवायचा नाही; हलवला तर पुढे बाळ होत नाही, असं मानत. एखाद्या पोराने खेळता खेळता मला धक्का दिला की सगळ्या घरांतून बायका त्याच्यावर ओरडत. दुसरी, पाळणा रिकामा दाराबाहेर काढायचा नाही. बाळ मोठं झालं आणि मला पुढच्या घरी पाठवायचं ठरलं, की ओंजळभर गहू आणि एक नारळ माझ्यात ठेवत. बाळ नाहीतर गहू, काहीतरी माझ्या कुशीत असायचंच. रिकामं वाटणं म्हणजे काय, ते मला कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं.

त्या दिवसांतलं मला काय आठवतं म्हणाल, तर दुपार आठवते. बाया रानात कांदे काढायला गेलेल्या असत. घरात एखादी म्हातारी माझी दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून लसूण सोलत बसलेली असे. कौलांच्या फटीतून उन्हाचा कवडसा आत येई. मी इकडे गेलो की तो बाळाच्या पोटावर पडायचा, तिकडे गेलो की माझ्या दांडीवर. मग म्हातारीची मान कलायची, दोरी सैल पडायची, बाळ केव्हाच झोपलेलं असायचं आणि हळूहळू मीही झोपायचो. अशा सगळ्या दुपारी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. बाळं बदलली, म्हाताऱ्या बदलल्या, लसणाचा वास तेवढा तोच राहिला.

अशातच हौसराव आणि कस्तुराबाईंच्या घरी तिसरी मुलगी झाली. नवरात्र चालू होतं आणि त्या दिवशी ललिता पंचमी होती. हौसरावांची बहीण धुरपदा येमाईच्या देवळातून घरी पोचते, तोच आतून रडण्याचा आवाज आला. धुरपदा लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरी परत आली होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. देवळातल्या कुंकवाने अजून लाल असलेल्या हातांनी तिने त्या बाळाला पहिल्यांदा उचललं, ते खाली ठेवायला ती तयारच होईना.

बाळाचं नाव मात्र हौसरावांच्या आईने, म्हणजे ताईबाईंनी, बाळाकडे न बघताच ठरवलं. नकुशी. तुमच्यापैकी काहींनी हे नाव ऐकलं नसेल. मुलींच्या पाठीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुशी ठेवायचे. नकुशी म्हणजे नको असलेली. असं नाव ठेवलं की देवीला कळतं आणि पुढच्या खेपेला ती मुलगा देते, असं लोक समजत. ताईबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मला कितीदा तरी मायेने पुसलं आहे. पण नाव त्यांनी ठेवलं ते हेच.

बारशाला आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते. त्याच वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात, हसतात, कलकलाट करतात. गमतीची रीत आहे ती. त्या गोंधळात आत्या काय म्हणाली ते कुणाला ऐकू येत नाही, आणि कुणी कान देऊन ऐकतही नाही, कारण नाव आधीच सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र ऐकू येतं. धुरपदा वाकली. तिच्या पाठीत बुक्के पडू लागले. तिने बाळाच्या कानाशी ओठ नेले आणि म्हणाली, "ललिता." मग ती सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नकुशी."

जागेपणी ऐकलेली गोष्ट म्हणालो ती हीच. ऐकणारे आम्ही दोघंच होतो. त्यातलं एक बाळ होतं, आणि दुसरा मी.

पुढे खरोखरच मुलगा झाला. त्याचं नाव इंद्रजीत. घरात पेढे वाटले. पण इंद्रजीत फार किरकिरा आणि आजारी मुलगा होता. त्याला ताप आला की धुरपदा माझ्या काठाला धरून उभी राहायची आणि अगदी हळू पुटपुटायची, "न्हाई गं आई, सांगितलं न्हाई. कुणालाबी सांगितलं न्हाई. पोराला ठीक कर." तेव्हा मला कळलं की तिच्या मनात काय बसलं आहे. नकुशी या नावाच्या बदल्यात देवीने मुलगा दिला, आणि ते नाव खरं ठेवलंच नव्हतं हे बाहेर आलं, तर देवी मुलगा परत नेईल, असं तिला वाटत होतं. म्हणून ती गप्प राहिली. मुलगा बरा झाला, तेव्हाही गप्प राहिली, आणि मग गप्प राहायची तिला सवयच होऊन गेली.

नकुशी माझा काठ चावत मोठी झाली. हे बघा, काठावर या खुणा आहेत ना, त्या तिच्या दातांच्या. इथे येणारे एक गृहस्थ परवा सोबतच्या लोकांना सांगत होते की या काळाच्या खुणा आहेत. काळाला दात असतील तर असोत बिचाऱ्याला. इंद्रजीत माझ्यात झोपायचा तेव्हा त्याला हलवायचं काम नकुशीकडे होतं. ती माझ्याखाली उताणी झोपायची, एका पायाने मला ढकलायची आणि चुलीतल्या कोळशाने माझ्या तळाच्या फळीवर चित्रं काढायची. कोंबडी, विहीर, लांब हातांची एक बाई. खाली जमिनीवर जो आरसा ठेवला आहे त्यात वाकून बघा, ती चित्रं अजून दिसतात. बाईचे हात एवढे लांब का, असं एकदा धुरपदेने विचारलं तेव्हा नकुशी म्हणाली, "तू हायस ती. लांबनं उचलून घेतीस म्हणून."

मग नकुशी शिकायला पुण्याला गेली आणि मोठी चित्रकार झाली. मोठी म्हणजे लोक जिच्यावरून भांडतात अशी. तिने एकदा गावोगावच्या जत्रांमध्ये गळ्यात पाटी अडकवून बसायचं ठरवलं. पाटीवर लिहिलं होतं, 'माझं नाव नकुशी. तुमच्या घरात किती?' काही बायका तिच्याजवळ येऊन बसत आणि काही न बोलता तिथेच बसून राहत. काही माणसं तिला हाकलायला येत. तिच्यावर तक्रारी झाल्या, पोलीस आले, वर्तमानपत्रांत उलटसुलट छापून आलं. ती हटली नाही.

मी या काळात माळ्यावर होतो. वस्तीवरची तरणी जोडपी शिक्रापूरला, सणसवाडीला खोल्या घेऊन राहायला गेली. तिथे पंख्याच्या हुकाला साडीची झोळी बांधतात, नाहीतर बाजारातून जाळीचा पाळणा आणतात. मला बोलावणं येईना. माळ्यावर माझ्याशेजारी कांद्याच्या रिकाम्या पिशव्या होत्या. एका कोंबडीने मात्र माझी आठवण ठेवली. तिने माझ्यात अंडी घातली, पिल्लं काढली आणि एके दिवशी सगळ्यांना घेऊन उडी मारून निघून गेली. तेवढं एक बाळंतपण झालं. बाकी मी झोपलेलोच होतो आणि त्या झोपेत कवडसा माझ्यावरून पुन्हा पुन्हा येत-जात होता.

कस्तुराबाई वारल्या तेव्हा नकुशी घरी आली. दिवस झाल्यावर निघताना ती इंद्रजीतला म्हणाली, "मला आईचं काही नको. तेवढा पाळणा दे." त्याला वाटलं, बहिणीला आठवण म्हणून हवा असेल. त्याने स्वतः मला माळ्यावरून उतरवलं आणि कांद्याच्या पिकअपमध्ये चढवलं. धुरपदा आत्या त्या दिवशी नात्यात कुणाकडे गेली होती. ती घरात असती तर तिने माझ्यात गहू ठेवले असते. पुरुषमाणसाला आणि शहरात राहिलेल्या मुलीला ते आठवलंच नाही. मी पहिल्यांदा रिकामा दाराबाहेर पडलो.

नकुशीने माझं काय केलं, ते तुमच्या डोक्यावर दिसतंय. तो लोखंडी दांडा आणि ती छोटी मोटर. गाडीच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटर आहे ती, सणसवाडीच्या एका मेकॅनिकने बसवून दिली. बटण दाबलं की मी आपोआप हलायचो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रिकामा. जन्माला येऊन नको झालेल्या सगळ्या मुलींसाठी तो पाळणा हलतोय, असं तिचं म्हणणं होतं. तिला काय म्हणायचं आहे ते मला कळत होतं आणि ते खोटं नव्हतं. पण मोटरीला थकवा येत नाही, तिची मान कलत नाही, दोरी सैल पडत नाही. मला झोप येईना. माझ्या आयुष्यातली तीच वर्षं जागरणाची.

माझा फोटो छापून आला आणि वस्तीवर आग लागल्यासारखं झालं. भावकीचा पाळणा रिकामा हलवला, हे कुणाला सहन होईना. त्या वर्षी वस्तीवर एकही बारसं झालं नाही. बारशाजोगी जोडपी सगळी शिक्रापूरला होती, हे कुणी लक्षात घेतलं नाही. खापर माझ्यावर फुटलं आणि माझ्यामुळे तिच्यावर. सगळ्यांत पुढे कोण होतं म्हणाल, तर धुरपदा आत्या. पारावर उभी राहून ती म्हणाली, "तिला म्हणावं, पुन्हा वस्तीव पाय ठिवू नगंस." इंद्रजीतने बहिणीला फोन केला आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस येऊ नको." थोड्या दिवसांची वर्षं झाली.

आता हे संग्रहालय. दौंडजवळ भीमेच्या काठाला गुळाचं हे जुनं गोदाम रिकामं पडलं होतं, तिथे काही मंडळींनी ते उभं केलं. अजूनही पत्रा तापला की भिंतीतून गुळाचा वास येतो आणि मुंग्या रांगेने चित्रांकडे निघतात. नकुशीच्या आजवरच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन इथे मांडलं आहे. पहिल्या दालनात तिची जुनी चित्रं, दुसऱ्यात जत्रेतल्या पाट्या आणि फोटो, आणि शेवटी, या दालनात, मी. सुरुवातीला बाहेर पोलीस होते. काही लोक रागाने आत येत आणि गप्प होऊन बाहेर जात. काही गप्प येत आणि रागाने जात. बाहेरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जायचे आणि इथल्या काचा थरथरायच्या.

माझ्या बाजूच्या भिंतीत आवाजाची पेटी बसवली होती. तिच्यातून नकुशीचा आवाज यायचा, पुन्हा पुन्हा, तोच. "मी जगात आले आणि माझ्या कानात सांगितला गेलेला पहिला शब्द होता, नको."

मित्रांनो, माझी दशा तुम्हीच विचारात घ्या. तिच्या कानात काय सांगितलं गेलं होतं ते मला ठाऊक होतं. माझ्याच काठावर वाकून ते सांगितलं गेलं होतं. आणि तिचाच आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला सांगत होता की तसं नव्हतंच. ती पन्नाशी ओलांडून गेली होती. धुरपदा आत्या पार थकली होती, आज आहे उद्या नाही अशी. ती गेली असती तर ते नाव माझ्या लाकडात राहिलं असतं, आणि लाकडातलं बाहेर काढता येत नाही. मी कुरकुरायचो. कड्यांमधून नुसता कर्र असा आवाज निघायचा आणि लोकांना तोही प्रदर्शनातलाच वाटायचा.

तेव्हा एक बाळ मदतीला आलं. इंद्रजीतचा मुलगा सुदर्शन शिक्रापूरला राहतो, तिथल्याच एका कंपनीत आहे. त्याला आणि त्याची बायको समृद्धीला मुलगी झाली. बारशाची बोलणी निघाली तेव्हा धुरपदा आत्या अडून बसली, "झोळीत बारसं न्हाई व्हायचं. आपला पाळणा आणा." समृद्धी म्हणाली, "मग तुम्हीच चला मागायला. मलाही ते प्रदर्शन बघायचंय." म्हातारी म्हणाली, "पाळण्यासाठी येते. तिचं तोंड बघाया न्हाई."

बाळाला सव्वा महिना झाल्यावर ते सगळे गाडीत बसून आले. इंद्रजीत, सुदर्शन, कुंचीत गुंडाळलेलं बाळ घेतलेली समृद्धी, आणि ओटीला पदर घट्ट खोचलेली धुरपदा आत्या. दुपारची वेळ होती, दालनात फारसं कुणी नव्हतं आणि गुळाचा वास दाटून आला होता. मी हलत होतो. आत्याने मला लांबूनच ओळखलं. ती दोरीखालून वाकून सरळ आत आली आणि तिने माझ्या काठावर हात ठेवून मला थांबवलं.

मोटर वर घुरघुरत राहिली. रखवालदार धावला, "अम्मा, हाथ नहीं लगाना, पाटी देखो."

"म्या न्हाई लावायचा तर कुणी लावायचा?" आत्या म्हणाली आणि हात काढला नाही.

गडबड ऐकून नकुशी आतल्या खोलीतून आली. तिचे केस पांढरे झाले होते. तिने रखवालदाराला खुणेने थांबवलं आणि स्वतः मोटर बंद केली. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, एकमेकींकडे न बघता. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, माझ्या कानात सांगितला गेलेला पहिला शब्द होता, नको.

"कोण बोलतंय हे?" आत्याने विचारलं.

"मीच, आत्या."

"खोटं हाय."

नकुशीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आयुष्यभर लोकांनी मला खोटी म्हटलंय. तूही म्हण."

"लोकांचं मला काय सांगतीस? तुझ्या कानात मी बोलले व्हते. तवा तिथं दुसरं कोण व्हतं?"

मी होतो, असं मला सांगावंसं वाटलं.

"मग काय बोलली होतीस?" नकुशीने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

आत्याने तोंड उघडलं आणि तिची नजर इंद्रजीतकडे गेली. ती म्हणाली, "न्हाई सांगता येत. त्याच्यावर येईल."

"कुणावर?" इंद्रजीतने विचारलं. "माझ्यावर?"

"तू झालास तवापास्नं गप हाय मी. सांगितलं आन् तुला काय झालं तर?"

इंद्रजीत तिच्याजवळ आला. चष्मा लावलेला, पोट सुटलेला, शुगरची गोळी सकाळीच घेऊन निघालेला माणूस. त्याने तिचा हात हातात घेतला. "आत्या, मी आता पोरगा हाय व्हय? आजा झालोय. माझ्यापायी ताईला इतकी वर्षं उपाशी ठेवलंस? सांग तू. मला काय व्हत न्हाई."

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याचं गाणं लांब जाईपर्यंत सगळे थांबले.

"ललिता," आत्या म्हणाली. "पंचमीला झाली व्हतीस. म्या कानात ललिता म्हणले. आईच्या धाकानं बाहेर नकुशी म्हणले. पर पयलं तुला ललिताच सांगितलं. नको कुणी म्हणलंच नव्हतं तुला. मला तर तू लई हवी व्हतीस."

नकुशी भिंतीपाशी गेली आणि तिने आवाजाची पेटी बंद केली. मग परत येऊन आत्यासमोर वाकली, तिचा कान आत्याच्या तोंडाशी आणला आणि म्हणाली, "परत सांग." आत्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे तिला रडू आलं, आणि ते आवरायचा तिने प्रयत्नही केला नाही. इंद्रजीतही रडला आणि त्याला खरोखरच काही झालं नाही.

बाळ जागं झालं. आत्याने डोळे पुसले आणि एकदम कामाला लागली. ओटीतल्या गाठोड्यातला गहू काढून तिने माझ्यात ओतला. मी घरातून रिकामा निघालो होतो ना, म्हणून ती घरूनच घेऊन आली होती. मग तिने समृद्धीकडून कुंचीसकट बाळ घेतलं आणि गव्हाशेजारी ठेवलं. कितीतरी वर्षांनी माझ्या कड्यांवर वजन आलं. मला तिथल्या तिथे झोप यायला लागली, पण मी निकराने जागा राहिलो.

"सुदर्शनला बहीण न्हाई," आत्या नकुशीला म्हणाली. "पोरीला आत्या कोण? तू त्याची आत्या हायस, मग हिची थोरली आत्या. वाक. नाव सांग."

"कुठलं नाव?"

"आम्ही अक्षदा ठरवलंय," समृद्धी हळूच म्हणाली.

नकुशी वाकली. जिच्या पायांनी मी कधीकाळी हललो होतो, ती आता वरून माझ्यात वाकली होती. आत्याने तिच्या पाठीत बुक्का घातला. हातात जोर नव्हता, तरी घातला. समृद्धीनेही घातला. काय करावं ते न कळून रखवालदार हसत उभा राहिला. नकुशीने बाळाच्या कानात सांगितलं, "अक्षदा." मग ती सरळ उभी राहिली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अक्षदा." मित्रांनो, कानातलं नाव आणि मोठ्याने म्हटलेलं नाव या वेळी एकच होतं. मी ते जागेपणी ऐकलं आहे.

ते सगळे गेले तेव्हा मला घरी नेता आलं नाही, कारण प्रदर्शन संपायला काही दिवस बाकी होते. "ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली, "पर गहू काढू नगा. हलवूबी नगा." म्हणून हे गहू इथे आहेत. त्या दिवसानंतर नकुशीने मोटर पुन्हा लावली नाही. एक विद्वान गृहस्थ म्हणाले, त्यामुळे कामातली धार गेली. ती म्हणाली, गेली असेल. आपलं नाव तिने मात्र बदललं नाही. बाहेरच्या फलकावर अजून नकुशीच आहे. ज्या बायका तिच्याजवळ जत्रेत येऊन बसल्या, त्यांना सोडून एकटीने ललिता व्हायला तिचं मन तयार नाही. पण घरून फोन आला आणि पलीकडून म्हातारीने हाक मारली की ती 'ओ' देते, आणि ती हाक दुसऱ्या नावाची असते.

प्रदर्शन संपलं की टेम्पो येईल आणि मी वस्तीवर जाईन. गव्हासकट. आता तुमच्या बाई तुम्हाला रांगेत उभं करायला लागल्या आहेत, म्हणून एकच मागणं करतो. घरातलं कुणी तुम्हाला आवडत असेल तर ते मनात ठेवू नका, कानातही ठेवू नका. मोठ्याने सांगा, आणि ते जवळ आहेत तोवर सांगा. आम्हाला सगळं ऐकू येतं, पण आम्हा पाळण्यांना बोलता येत नाही.